विकायचं घर तयार करून देण्याचा व्यवसाय: आधी शंका काढा, मग रंग लावा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका वेगळ्या सेवा-व्यवसायाची ओळख करून घेतली. जुना फ्लॅट विक्रीला काढण्याआधी तो तयार करून देणं. व्हिडिओत सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. ज्यांना स्वतःचंच घर विकायचंय, त्यांनाही हा लेख जसाच्या तसा उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न: या धंद्याला जागा आहे का?

बघा, आपल्याकडे घर विकताना कोण कोण असतं? गिऱ्हाईक आणणारा एजंट असतो. कागद बघणारा वकील असतो. रंगारी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन असतात. पण या सगळ्यांना एका सुतात बांधून "घर दाखवायला तयार आहे" असं म्हणणारा माणूस कुणीच नसतो. ते काम मालकाने स्वतः करायचं असतं, आणि मालकाला नेमका वेळ नसतो.

तुमचा ग्राहक कोण, हे आधी डोळ्यांसमोर आणा. कोथरूडमध्ये आई-वडिलांचा तीस-पस्तीस वर्षं जुना वन बीएचके आहे, आई-वडील आता नाहीत, मुलगा बेंगळुरूला आणि मुलगी अमेरिकेत, हा पहिला ग्राहक. मोठ्या घरात जायचंय, नव्या घराचा हप्ता सुरू झालाय आणि जुनं घर विकलं जात नाहीये, असं नोकरी करणारं जोडपं हा दुसरा. आणि वर्षानुवर्षं भाड्याने दिलेलं घर भाडेकरूने सोडल्यावर विकायला काढणारा मालक हा तिसरा. तिघांकडे घर आहे, पण धावपळ करायला माणूस नाही. तो माणूस तुम्ही व्हायचंय.

अमेरिकेत याला होम स्टेजिंग म्हणतात. तिथे भाड्याने सोफे, गालिचे, चित्रं आणून रिकामं घर सजवतात. ते व्हिडिओ बघून आपल्याकडे तसाच धंदा करायला जाऊ नका. आपल्याकडचा घेणारा सोफा बघून घर घेत नाही. तो भिंतीला हात लावून बघतो, नळ सोडून बघतो, आणि "ओसी आहे का?" विचारतो.

घेणाऱ्याच्या डोक्यात काय चालू असतं?

एक हिशोब करू. पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट एखाद्या पुरुषाने स्वतःच्या नावावर घेतला, तर ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार रुपये मुद्रांक शुल्क. (स्त्रीच्या नावावर घेतला तर १ टक्का सवलत.) वर नोंदणी शुल्क ३० हजार. म्हणजे घरात पाऊल टाकण्याआधीच साडेचार लाख गेले. शिवाय वीस वर्षांचं कर्ज. असा माणूस घर बघायला येतो तेव्हा कौतुक करायला येत नाही, शंका घेऊन येतो. आणि ते बरोबरच आहे, आयुष्याची कमाई लावतोय तो.

आता त्याला बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल दिसली. समजा दुरुस्तीचा खरा खर्च १२ हजार आहे. तो मनात १२ हजार वजा करत नाही. त्याच्या डोक्यात येतं, "इथे दिसतंय, म्हणजे न दिसणारं किती असेल?" आणि तो सरळ लाखभर रुपये कमी सांगतो, किंवा "घरी विचारून सांगतो" म्हणून जातो तो परत येत नाही. कागदांचंही तसंच. "शेअर सर्टिफिकेट बघावं लागेल, कुठेतरी असेल" असं मालक म्हणाला की समोरच्याचा चेहरा बदलतो.

म्हणून या धंद्याचं एकच सूत्र लिहून ठेवा: तुम्ही शोभा विकत नाही, तुम्ही शंका कमी करून देता. आणि क्रम असा: कागद, पाणी, सामान, किरकोळ दुरुस्ती, रंग आणि सगळ्यात शेवटी फोटो. बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. रंग झाल्यावर गळती कळते, मग परत फोडाफोड, परत रंग.

पायरी १: घराची फाईल

एक जाड फाईल घ्या, प्लास्टिकच्या कप्प्यांची. पहिल्याच भेटीत मालकाबरोबर बसून पुढचे कागद एकेक करून लावा.

- नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) आणि नोंदणीची पावती. घर आधी हातबदल झालेलं असेल तर बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे करार, मधला एकही सुटता कामा नये.
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट.
- भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आणि मंजूर नकाशाची प्रत.
- मालमत्ता कराची ताजी पावती, लाइट बिल, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला.
- कर्ज असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र. फिटलं असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि बँकेकडून मूळ कागद परत मिळाल्याची नोंद.
- इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. घेणाऱ्याची बँक इमारतीचं वय विचारतेच.

कुठे काम अडतं तेही सांगतो. एक, मूळ करार हरवलेला असतो. मग पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, असा प्रवास होतो आणि त्यात आठवडे जातात. गिऱ्हाईक इसार घेऊन दारात उभं असताना हे सुरू करायचं का आज? तुम्हीच ठरवा.

दोन, वारसाहक्क. "बाबांनी मला नॉमिनी केलंय, म्हणजे घर माझं" असं खूप जणांना वाटतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस कोण ते ठरेपर्यंत सोसायटीच्या दप्तरी सांभाळणारा तो. बहीण-भावांची नावं, त्यांची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हे सगळं आधी व्हायला हवं. मुलगी अमेरिकेत असेल तर मुखत्यारपत्र लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेतात आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. घरातला एक भाऊ नाराज असेल तर रंगाचा डबा उघडूच नका. आधी त्यांचं बोलणं होऊ द्या.

तीन, नकाशा आणि घर जुळत नाही. बाल्कनी आत घेतली, भिंत काढून हॉल मोठा केला. घेणाऱ्याच्या बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस नकाशा हातात धरून येतो आणि नेमकं तिथे बोट ठेवतो. अशी गोष्ट दिसली तर मालकाला आधीच वकिलाकडे आणि सोसायटीच्या आर्किटेक्टकडे पाठवा.

चार, पार्किंग. "आमचं कव्हर्ड पार्किंग आहे" असं तोंडी सांगून चालत नाही. स्टिल्टखालची किंवा मोकळी पार्किंगची जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. तेव्हा बिल्डरच्या जुन्या पावतीपेक्षा सोसायटीचं वाटपपत्र आहे का, ते बघा.

एक लक्षात ठेवा. कायदेशीर सल्ला देणं हे तुमचं काम नाही. तुमचं काम फाईल लावणं, काय नाही ते लाल पेनने लिहिणं, आणि ती यादी मालकाच्या वकिलाकडे आणि सीएकडे पोचवणं. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. पण विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम चालत नाही, कपात बरीच जास्त असते. परदेशातल्या ग्राहकाला ही गोष्ट पहिल्याच फोनवर सीएला विचारायला सांगा. तुमच्याबद्दलचा विश्वास तिथूनच सुरू होतो.

पायरी २: पाणी

आपल्या हवेत घराचा खरा शत्रू पाणी. चार महिने पाऊस आणि बारा महिने बाथरूम. तपासणी अशी करा.

बाथरूमची जाळी कापड आणि प्लास्टिकने नीट बंद करा. इंच-दीड इंच पाणी साठवा आणि किमान २४ तास तसंच ठेवा. आधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या छताचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी परत फोटो काढा. पाण्याची पातळी खाली गेली किंवा खालचं छत ओलं झालं तर दुरुस्ती जमिनीतच आहे, वरवर ग्राउट भरून भागणार नाही. पातळी तशीच राहिली, तरी बाहेरच्या भिंतीला ओल आहे? मग नळाच्या आतल्या पाइपकडे आणि टाइल्सच्या सांध्यांकडे बघा.

ओल वरच्या मजल्यावरून येत असेल किंवा गच्चीतून झिरपत असेल तर खर्च कुणाचा? आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची. सभासदाच्या बाथरूम किंवा सिंकमधून होणारी आतली गळती त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. तेव्हा आधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या, फाईलमध्ये लावा. भांडण नको. चहाला बसून सुटलेली गळती कोर्टात गेलेल्या गळतीपेक्षा केव्हाही स्वस्त.

दुरुस्तीनंतर भिंत वाळू द्या. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला की काही आठवड्यांत पोपडे येतात. म्हणून गळतीचं काम पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये धरलेलं बरं. भर जुलैत कुणी "आठ दिवसांत करून द्या" म्हणालं तर हात जोडा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काही मालक तुम्हाला म्हणतील, "अहो, तेवढ्या भिंतीला रंग मारून घ्या ना, दोन महिने दिसलं नाही म्हणजे झालं. पुढचं पुढे." इथे तुमची परीक्षा आहे.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. मिळकतीतला असो वा मालकी हक्कातला. रंगाखाली लपवलेली गळती हा अगदी तसाच प्रकार. ती जूनमध्ये बाहेर येणार. घेणारा मालकाच्या मागे लागणार, मालक तुमचं नाव सांगणार, आणि त्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा धंदा संपणार.

म्हणून एक पानाची दोष-नोंद तयार करा. काय सापडलं, काय दुरुस्त केलं, कुणी केलं, किती तारखेला, आणि काय दुरुस्त केलेलं नाही. खाली मालकाची सही. घर बघायला येणाऱ्याला मालकाने हे पान दाखवावं असा आग्रह धरा. मालक सुरुवातीला घाबरतात. "दोष कशाला सांगायचे?" पण घेणाऱ्याच्या बाजूने विचार करा. पाच घरं बघितली, सगळीकडे "काही प्रॉब्लेम नाही हो" ऐकलं, आणि सहाव्या घरात कुणीतरी बिलासकट सांगितलं की बाथरूमला गळती होती, मार्चमध्ये काम केलं, ही तपासणीची तारीख, हे खालच्या शेजाऱ्यांच्या छताचे फोटो. तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल?

पायरी ३: सामान

तीस वर्षांच्या संसाराचं सामान हलवणं हे हमालीचं काम समजू नका. आईचं कपाट उघडताना मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं. अशा वेळी "ताई, हे भंगारात टाकू का?" असा प्रश्न विचारायचा नसतो.

चार ढीग करा: ठेवायचं, नातेवाइकांना द्यायचं, दान करायचं, भंगार. कुठली वस्तू कुठल्या ढिगात, हे घरच्यांनी ठरवायचं. ते परगावी असतील तर व्हिडिओ कॉलवर. देवघर, टाक, आणि भिंतीवरचे फोटो घरच्यांनीच हलवायचे, आपण हात लावायचा नाही. ते येईपर्यंत तेवढी जागा तशीच राहू द्या.

रद्दी तर कधीच न बघता देऊ नका. जुन्या पिढीने एफडीच्या पावत्या साड्यांच्या घड्यांत, विम्याच्या पॉलिसी पंचांगात आणि दागिने तांदळाच्या डब्यात ठेवलेत. प्रत्येक वही झटका, प्रत्येक डबा उघडा. दोन माणसांशिवाय कपाट उघडायचं नाही, आणि मौल्यवान काही सापडलं की त्याच क्षणी मालकाला फोन. वस्तूंची यादी करा, फोटोसह. हा नियम मालकाच्या रक्षणासाठी आहे तितकाच तुमच्या रक्षणासाठी.

घर पूर्ण रिकामं करू नका, शक्य असेल तर. पलंग, जेवणाचं टेबल, एक कपाट राहू द्या. रिकाम्या खोलीत "इथे डबल बेड बसेल का?" हा अंदाज लोकांना येत नाही. पण माळ्यावरचं, दारामागचं, बाल्कनीतलं सगळं गेलं पाहिजे. बाल्कनीत कुंड्या आणि मोडका कूलर असेल तर तिथे उभं राहून बाहेर कोण बघणार?

पायरी ४: दुरुस्ती आणि रंग

इथे कमी पैशात जास्त फरक पडतो. ठिबकणारा नळ, न लागणारी कडी, करकरणारी बिजागरी, पिवळा पडलेला स्विचबोर्ड, फुटलेली काच, बंद ट्यूब. घेणारा दाराची कडी लावून बघतो आणि ती अडकली की त्याला वाटतं, या घराकडे कुणी लक्ष दिलेलं नाही. सगळे बल्ब एकाच रंगाच्या उजेडाचे लावा. एक्झॉस्ट फॅन धुऊन घ्या. सिंकखालचं कपाट उघडून वास घ्या. वास कुठून येतो ते शोधा, अगरबत्ती लावून झाकू नका. अगरबत्तीचा दाट धूर आला की हुशार गिऱ्हाईक सिंकखालीच वाकून बघतं.

रंग पांढऱ्याकडे झुकणारा, सगळ्या खोल्यांत एकच. रंगाच्या क्षेत्रफळाचा ढोबळ अंदाज घरच्या कार्पेटच्या तिप्पट ते साडेतीनपट, भिंती आणि छत धरून. प्रत्यक्ष मापं घेतल्याशिवाय ठेकेदाराला पैसे ठरवून देऊ नका.

काय करायचं नाही तेही ऐका. नवीन मॉड्युलर किचन, नवीन फरशी, पीओपीचं छत. मालकाला वाटतं, दोन लाख घातले की चार लाख येतील. पण घेणाऱ्याला त्याच्या पसंतीचं किचन हवं असतं. तो तुमचं नवं किचन बघून म्हणतो, "छान आहे, पण आम्ही बदलूच." गेले दोन लाख. मोडलेलं नीट करा, चालू असलेलं बदलू नका.

पायरी ५: किंमत, फोटो, भेट

किंमत ठरवणं एजंटचं आणि मालकाचं काम. पण माहिती तुम्ही देऊ शकता. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. त्याच भागात प्रत्यक्ष नोंदलेले व्यवहार, त्यांची रक्कम आणि क्षेत्रफळ सूची क्रमांक २ मध्ये दिसतं. शेजारी "नव्वद लाखांना गेला" म्हणतात आणि नोंद वेगळंच सांगते. रेडी रेकनरचा दरही काढून ठेवा. करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांत जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क लागतं. शिवाय घराचं कार्पेट क्षेत्रफळ टेपने मोजा. जुन्या करारांत बऱ्याचदा बिल्टअप लिहिलेलं असतं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, हा आकडा पाठ करा.

फोटो सकाळी, पडदे उघडून, दिवे लावून, मोबाइल आडवा धरून, खोलीच्या कोपऱ्यातून छातीच्या उंचीवर. खोटी रुंदी दाखवणारी लेन्स नको. फोटोत हॉल मोठा आणि प्रत्यक्षात लहान दिसला की माणूस दारातच नाराज होतो. फोटोत कुटुंबाचे चेहरे, देव, औषधं, कागद, किल्ल्या दिसता कामा नयेत.

भेटीच्या दिवशी जिन्यातला आणि दारासमोरचा भागही झाडून घ्या. पाण्याच्या वेळा, मेंटेनन्सचा आकडा, लिफ्ट, सूर्यप्रकाश कुठल्या बाजूने येतो, दार कुठल्या दिशेला, हे एका कागदावर लिहून टेबलावर ठेवा. वास्तू विचारणारे विचारणारच. दिशा होकायंत्राने बघून खरी सांगा आणि थांबा.

काळाचंही गणित आहे. आपल्याकडे पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळी हे घर घेण्याचे दिवस. पितृपक्षात बोलणी थंडावतात. मग दसऱ्याचं गिऱ्हाईक धरायचं असेल तर कागद आणि गळती पावसाळ्याआधी, सामान श्रावणात, दुरुस्ती आणि रंग गणपतीनंतरच्या पितृपक्षात, आणि घटस्थापनेला फोटो तयार. उलटं मोजत या, तारखा आपोआप पडतात.

आता धंद्याचा हिशोब

समजा ४५० चौरस फूट कार्पेटचा वन बीएचके आहे. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे दर तुम्ही तीन-तीन ठिकाणी विचारून भरा.

- रंग: १,५०० चौरस फूट × १८ रुपये = २७,०००
- प्लंबिंग आणि बाथरूमची दुरुस्ती = १२,०००
- साफसफाई = ६,०००
- इलेक्ट्रिकचं काम = ४,०००
- टेम्पो, हमाली = ३,०००
- फोटो = ३,०००
- एकूण = ५५,०००

हा खर्च मालकाचा, प्रत्येक बिल मालकाच्या नावाने आणि जसंच्या तसं. तुमची फी वेगळी, समजा १८,०००. त्यातून तुमचा प्रवास, फोन, मदतनीस असे ४,५०० गेले, उरले १३,५००. चार आठवड्यांत त्या घरावर तुमचे नऊ दिवस गेले, तर दिवसाला १,५०० पडले. महिन्याला अशी तीन घरं म्हणजे ४०,५०० रुपये आणि २७ दिवस काम. चौथं घर घ्यायचं तर माणूस ठेवावा लागेल. हे गणित आधी कागदावर करा, मग नोकरीचा राजीनामा लिहा.

रंगाऱ्याकडून, प्लंबरकडून गुपचूप कमिशन घेऊ नका. मालकाला एक ना एक दिवस कळतंच.

फी कशी घ्यायची? ठरावीक रकमेत, विक्रीच्या किमतीवर टक्केवारीत नाही. कारण दोन आहेत. पहिलं, गिऱ्हाईक आणून व्यवहार जमवणं आणि त्यावर दलाली घेणं हा एजंटचा धंदा, त्याचे नियम वेगळे. महारेराकडे नोंदवलेल्या प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटला महारेराची नोंदणी लागते. दुसरं कारण मोठं आहे. तुमचे पैसे विक्रीच्या किमतीला बांधले गेले, की ओल झाकण्याचा मोह तुम्हालाच होणार. फी ठरावीक असेल तर खरं बोलणं परवडतं.

करार साधा दोन पानांचा करा: कामाची यादी, मुदत, फी, निम्मी आधी आणि निम्मी काम संपल्यावर, किल्ली कुणाकडे, दोष लपवणार नाही हे कलम. किल्ली घेतल्याची आणि दिल्याची तारीख-वेळ लिहायची वही ठेवा.

सुरुवातीची नोंदणी सोपी आहे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. महाराष्ट्रात कामगार मोजकेच असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. भांडवल म्हणाल तर टेप, होकायंत्र, टॉर्च, टेस्टर, फाईली आणि बरा कॅमेरा असलेला मोबाइल. खरं भांडवल म्हणजे वेळेवर येणारा एक रंगारी, एक प्लंबर आणि एक इलेक्ट्रिशियन. त्यांचे पैसे त्याच दिवशी द्या, ते तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतील.

पहिलं काम कुठून मिळेल? जाहिरातीवर पैसे घालू नका. तुमच्या भागातल्या तीन एजंटांना भेटा आणि विचारा, "तुमच्याकडे सहा महिने पडून असलेलं घर कुठलं?" तेच तुमचं पहिलं घर. सोसायट्यांचे सेक्रेटरी, सीए आणि नोंदणीची कामं करणारे वकील यांना रिकामी घरं सगळ्यात आधी कळतात.

या रविवारचा गृहपाठ

स्वतःच्या घराच्या बाहेर जा. चप्पल काढा, बेल वाजवा आणि ६० लाख घेऊन आलेल्या अनोळखी माणसासारखे आत या. प्रत्येक खोलीत पाच मिनिटं उभे राहा. मनात आलेली प्रत्येक शंका लिहा. नळ सोडा, कडी लावा, भिंतीला हात लावा, शेवटी कपाटातून घराचे कागद काढा. वीस-पंचवीस ओळी सहज होतील. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा: कोण दुरुस्त करेल, किती दिवस, किती रुपये.

ती यादी म्हणजे तुमच्या व्यवसायाचं पहिलं कोटेशन. पुढच्या व्हिडिओत त्याच यादीवरून दर कसे काढायचे आणि कारागिरांशी बोलणी कशी करायची ते बघू. वही जपून ठेवा.